गोष्टीत मेलेला भाऊ

२४ मे १९९९

आज हेल्का घरी आल्या होत्या. आमच्या गावच्या उन्हाळी नाटकमंडळाच्या दिग्दर्शिका. पूर्वी रेडिओवर हवामानाचा अंदाज सांगायच्या, त्यामुळे साधं 'कॉफी द्या' म्हणाल्या तरी उत्तरेकडून वादळ येतंय असं वाटतं. त्या म्हणाल्या, "आइमो, यंदा तळ्याकाठच्या रंगमंचावर तुमची 'दलदल' ही गोष्ट करायची."

मी घसा साफ केला आणि विचार करून सांगतो म्हणालो. त्या कॉफी संपेपर्यंत थांबल्या. मग मी होकार दिला.

पुढेमागे ही दैनंदिनी एखादा अभ्यासक वाचेल, म्हणून गोष्टीबद्दल थोडक्यात नोंदवून ठेवतो. दोन भाऊ. धाकट्याचे पाय पोलिओने गेलेले. थोरला त्याला दलदलीत हिल्लाची पिवळी रानफळं वेचायला घेऊन जातो, एका खडकावर बसवतो, 'आत्ता येतो' म्हणतो आणि गावातल्या नाचाला निघून जातो. धुकं उतरतं. सकाळी लोकांना खडकाशी फक्त एक कुबडी सापडते आणि तिच्याशेजारी मरून पडलेला करकोचा. गेली कित्येक वर्षं ही गोष्ट नववीच्या पाठ्यपुस्तकात आहे. खाली पहिलाच प्रश्न: 'करकोचा कशाचे प्रतीक आहे?'

धाकटा भाऊ मी कोणावरून घेतला हे सांगायला नको. माझा भाऊ इल्पो पलीकडच्या रस्त्यावर राहतो, त्याची ड्रायव्हिंग स्कूल आहे, आणि तो मेलेला नाही. तपशील थोडे वेगळे होते. पण कलेला ते सोसावं लागतं.

२५ मे

मंगळवार, म्हणून वाचनालयात गेलो. इल्पो मला दर मंगळवारी गाडीतून नेतो. त्यालाही तेवढीच सोबत होते. त्याच्या गाडीचे ब्रेक आणि वेग दोन्ही हाताने चालतात. अख्ख्या गावाला त्याने गाडी शिकवली, एकट्या मला नाही. पण त्यात चर्चच्या कुंपणाचाही दोष होता. ते फार पुढे आलेलं आहे.

वाटेत त्याला नाटकाचं सांगितलं.

"म्हणजे मी परत मरणार?" तो म्हणाला.

"तू नाही मरत. ते प्रतीकात्मक आहे."

"मास्तर, प्रतीकात्मक मेलं तरी लोक फुलं पाठवतात. मागच्या वर्षी कुओपिओहून सहल आली होती, आठवतंय? पोरांच्या बाईंना कोणीतरी सांगितलं की हाच तो धाकटा भाऊ. बाई फुटपाथवर खालीच बसल्या. मीच पाणी आणून दिलं त्यांना."

तो मला 'मास्तर' म्हणतो. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून तर जास्तच.

त्या सहलीतल्या मुलांनी करकोच्याचा अर्थ विचारला, तेव्हा याने 'घरपट्टी' असं सांगितलं होतं. एका मुलाने ते परीक्षेत लिहिलं. त्याला अर्धे गुण मिळाले म्हणे. शिक्षणाची काय दशा झाली आहे!

२९ मे

आज भूमिका ठरल्या. थोरला भाऊ मी करणार, हे उघडच होतं. अपराधाचं हे ओझं मी इतकी वर्षं वाहतो आहे की मला पाठांतराचीही गरज नाही.

सगळ्यांना आश्चर्याचा धक्का दिला तो इल्पोने. धाकट्या भावाच्या भूमिकेसाठी तो स्वतः आला. खडकावरचा प्रसंग वाचून दाखवला. संपल्यावर हेल्कांनी वही मिटली.

"इल्पो, राग मानू नकोस," त्या म्हणाल्या. "पण तू फार मजेत दिसतोस."

"माझी दया नाही येत?"

"नाही येत रे. मी दोनदा प्रयत्न केला."

"कुबड्या आणखी वाकड्या धरू का?"

"अरे, कुबड्यांचं काही नाही. तुझ्या चेहऱ्यावर विश्वास नाही बसत."

भूमिका औषधाच्या दुकानातल्या ओस्मोला मिळाली. ओस्मो लंगडू लागला की काळीज पिळवटतं. मध्यंतराआधी तो डावा पाय ओढतो आणि नंतर उजवा, पण हेल्का म्हणाल्या की तोवर लोकांच्या डोळ्यांत पाणी असेल, दिसणार नाही. इल्पोला झुडपामागून करकोच्याचा आवाज काढायचं काम दिलं. तो आनंदाने घेऊन गेला. इतक्या उमदेपणाने नकार पचवणारा माणूस मी पाहिला नाही.

८ जून

करकोचा चुकीच्या जागी ओरडतो. मी 'माझा अपराध' म्हटलं रे म्हटलं की झुडपातून कर्कश हाक येते. चार वेळा सांगून झालं. इल्पो म्हणतो, पक्ष्याला काय कळतं, त्याला वाटेल तेव्हा तो ओरडतो.

डास भयंकर.

१५ जून

मेलेला करकोचा तयार झाला. जुनी छत्री आणि कोंबडीची पिसं. लांबून फार करुण दिसतो. जवळून छत्री दिसते.

तालमीनंतर शेकोटीवर सॉसेज भाजत असताना हेल्कांनी विषय काढला की करकोच्याचा नेमका अर्थ सगळ्यांच्या मनात एकच असला पाहिजे. ओस्मो म्हणाला, तो म्हणजे धाकट्याचा आत्मा. हेल्का म्हणाल्या, त्यांना त्यात युद्धानंतरचा फिनलंड दिसतो. मी लेखक म्हणून सांगितलं की करकोचा म्हणजे थोरल्या भावाचा विवेक. तोही धाकट्याबरोबर मरतो.

"आणि मी?" इल्पोने विचारलं. "मी कशाचं प्रतीक?"

"तू म्हणजे... तोसुद्धा थोरल्याचाच विवेक, एका अर्थी. त्याच्यातलं जे जे दुबळं, निष्पाप..."

"थांब. करकोचा तू. मी पण तू. धुकं?"

"धुकं हे त्याच्या मनातलं."

"म्हणजे तेही तूच. मास्तर, अख्ख्या दलदलीत माझं असं काही आहे का?"

"कुबडी आहे," ओस्मो म्हणाला. भला माणूस आहे तो.

"कुबडी हे अवलंबित्वाचं प्रतीक आहे," मी खुलासा केला.

इल्पोने सॉसेजला मोहरी लावली आणि म्हणाला, "बरं. चला, घरी सोडतो तुला." सगळे का हसले कोण जाणे. मीही थोडा हसलो.

२७ जून

अनर्थ! युहान्नुसच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाच्या सुट्टीत ओस्मो सौनाच्या वाफेतून उघडाच तळ्याकडे पळाला आणि ओल्या फळ्यांवरून घसरला. घोटा मोडला. आज प्लास्टर घालून, कुबड्या घेऊन तालमीला आला. मला वाटलं, वाईटातून चांगलं झालं. पण हेल्कांनी त्याला दोनदा रंगमंचावरून चालवलं आणि मान हलवली.

"आता खोटं वाटतं," त्या म्हणाल्या.

शिवाय खडकावर त्याला चढताही येईना. सगळ्यांनी इल्पोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" तो म्हणाला. "मी त्या भूमिकेत नापास झालोय. सगळ्यांसमोर."

"इल्पो, हट्ट सोड," मी म्हणालो.

"हट्ट नाही. चेहऱ्यावर विश्वासच बसत नाही म्हटल्यावर काय करणार? पण अडचण आहे तर मदत करतो. मी थोरला भाऊ करतो. मास्तरला धाकटा करू दे. सगळे संवाद त्यानेच लिहिलेत."

मी सांगितलं की हे हास्यास्पद आहे. कुबड्यांवरचा माणूस अपंग भावाला सोडून पळून कसा जाईल? पण हेल्कांचे डोळे चमकू लागले होते. त्या उठून उभ्या राहिल्या आणि वादळाची सूचना द्यावी तशा आवाजात म्हणाल्या, "सोडून जाणारा हाच खरा अपंग! आइमो, हे तुम्हाला कसं सुचलं नाही?"

मला ते सुचलं होतं. फक्त मी ते अजून बोललो नव्हतो.

३० जून

भूमिकेचा अभ्यास सुरू केला. इल्पोने त्याच्या जुन्या लोखंडी पट्ट्या माझ्या पायाला बांधल्या, तो हिवाळ्यात वापरतो त्या चाकांच्या खुर्चीत मला बसवलं. ढकलायला तो ओस्मोला लावणार होता. पण प्लास्टरमुळे ते जमेना. शेवटी हेल्कांनी ढकललं.

आधी कॉफीच्या दुकानात गेलो. काउंटरवरची मेरवी माझी विद्यार्थिनी. तिला मी तीन वर्षं व्याकरण शिकवलं. तिने माझ्या डोक्यावरून इल्पोला विचारलं, "याला कॉफी चालते का?"

"चालते. दूध जास्त घाला," इल्पो म्हणाला. "आणि बिस्किट मोडून द्या."

मी म्हणालो, मला दूध चालत नाही. मेरवी इल्पोकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "आज बरीच बोलतेय की स्वारी!" तिला नाटकाचं सगळं ठाऊक होतं, हे नंतर कळलं. पण कॉफी दुधाचीच मिळाली.

मग वाचनालय. खुर्ची पायऱ्यांशी आली आणि थांबली. उंच दगडी पायऱ्या, कठडा नाही. हेल्का म्हणाल्या, माझ्याने हे उचलवणार नाही. मी इल्पोला म्हणालो, "तू जा आत आणि माझं पुस्तक तेवढं घेऊन ये."

"मी कधी गेलोय आत?"

खरंच की. तो नेहमी गाडीत बसून राहतो. मला इतकी वर्षं वाटायचं, त्याला वाचनाची आवड नाही.

पुस्तक आज राहिलंच. पट्ट्यांनी गुडघ्याखाली सालटं निघालंय. भूमिकेसाठी उपयोगी.

४ जुलै

इल्पोला अभिनय येत नाही. तो थोरल्या भावाचं नुसतं विडंबन करतो. प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतो, केसांवरून हात फिरवतो, 'एका अर्थी' म्हणतो आणि पाठ्यपुस्तकातल्या फोटोसारखा दूर कुठेतरी बघतो. तालमीला जमलेली मंडळी हसून लोळायची बाकी राहिली. असा माणूस जगात असतो का? मी घसा साफ करून हेल्कांना म्हणालो की एका अर्थी हे अतिरंजित आहे. त्यावर ओस्मो बाकावरूनच खाली पडला, प्लास्टरसकट.

पण एक गोष्ट नोंदवायला हवी. पळून जाण्याच्या जागी इल्पो अडतो. 'आत्ता येतो' एवढं म्हणतो, दोन पावलं जातो आणि थांबतो. हेल्का ओरडतात, "जा ना!" तो म्हणतो, "पाय निघत नाही." सगळे हसतात. तो मात्र हसत नाही.

१० जुलै, सकाळ

काल पहिला प्रयोग झाला. काय झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

बाकं गच्च भरली होती. पावसाची चिन्हं नव्हती. डास होते. पहिला अंक बरा गेला. लोक चुकीच्या जागी हसले, पण पुष्कळ हसले. मग इल्पो मला खडकावर बसवून 'आत्ता येतो' म्हणाला आणि या वेळी न अडता कुबड्या टेकत झुडपाआड गेला. धुराच्या यंत्राने धुकं सोडलं. मी मरायला सुरुवात केली.

स्वगत उत्तम चाललं होतं. पहिल्या रांगेतली एक बाई रुमाल शोधत होती. मी छत्रीच्या करकोच्याला जवळ घेतलं, डोळे मिटले, आणि तेवढ्यात धुरातून खटखट ऐकू आली.

"ए इल्पो! इल्पो, कुठायस?"

माझ्या आवाजात. घसा खाकरून.

मी मरतामरता ओठांच्या कोपऱ्यातून म्हणालो, "आत जा. तू मला सोडून गेलायस."

"मी कुठं सोडून गेलो?" तो मोठ्याने म्हणाला. "वाट चुकलो मी. मघापासून टेकाडामागे बसून रडतोय. घर कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाहीये."

बाकांवर कोणीतरी हसलं आणि गप्प झालं.

आता हे लिहिलं पाहिजे. लहानपणी त्या दिवशी असंच झालं होतं. नाच वगैरे काही नव्हता. बारा वर्षांचा मुलगा कुठल्या नाचाला जाणार? टेकाडापलीकडे हिल्ला जास्त होती म्हणून मी गेलो, धुकं आलं, आणि मी त्याच त्याच खड्ड्याभोवती फिरत राहिलो. भीतीने माझी गाळण उडाली होती. बादली कुठे टाकली तेही आठवत नव्हतं. इल्पो खडकावर होता. नऊ वर्षांचा. त्याने 'दादा, इकडे ये' अशी हाक एकदाच मारली असेल. मी हुंदके देत होतो, मला ऐकू आली नाही. मग त्याने दुसरंच काहीतरी सुरू केलं. ते मला ऐकू आलं. ते मला कुठूनही, कधीही ऐकू आलं असतं.

काल धुरात तो उभा होता आणि माझी वाट बघत होता. मी लिहिलेल्या संवादांत यापुढे काहीच नव्हतं. हेल्का विंगेतून हात हलवत होत्या, पण काय करा म्हणत होत्या ते कळेना. मी करकोचा खाली ठेवला, तोंडाशी हात धरले आणि ओरडलो,

"सात साते छप्पन्न!"

लगेच धुरातून उत्तर आलं, त्या दिवशी मी दिलं होतं तेच, "एकोणपन्नास, गाढवा!"

"सात आठे साठ!"

"छप्पन्न! छप्पन्न!" कुबड्यांचा आवाज जवळ आला.

"सात नव्वे सत्तर!"

"त्रेसष्ट! तुला शाळेत शिकवतात काय?" आणि तो धुरातून बाहेर आला. त्याचा चेहरा ओला होता. धुराचं यंत्र जुनं आहे, डोळे झोंबतात. माझेही झोंबत होते.

तो खडकावर माझ्या शेजारी येऊन बसला. आता कोणी मरायचं राहिलं नव्हतं, त्यामुळे नाटक संपलं की नाही हे लोकांना कळेना. टाळ्या कुठे वाजवायच्या? आम्ही दोघं नुसते बसून होतो. शेवटी झुडपामागे इल्पोच्या जागी बसवलेल्या ओस्मोने प्रसंग ओळखला आणि करकोच्याचा आवाज काढला. फार वाईट काढला. बदकासारखा. मग बाकांवरचे सगळे उठून टाळ्या वाजवू लागले.

बाहेर रुमालवाली बाई माझ्याकडे तरातरा आली. औलूहून आली होती. "चौदा वर्षांची असताना तुमची गोष्ट वाचून मी तीन दिवस जेवले नव्हते," ती म्हणाली. मी नम्रपणे मान झुकवली. "आणि हा जिवंत आहे!" तिने पर्सने माझ्या खांद्यावर मारलं, नंतर इल्पोला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही.

१० जुलै, दुपार

वर्तमानपत्रात परीक्षण आलंय. समीक्षकाने शेवटाची तोंडभरून स्तुती केली आहे. त्याच्या मते चुकीचा पाढा हे 'विस्कटलेल्या बंधुभावाचं समर्थ प्रतीक' आहे, आणि लेखकाने ते योजनापूर्वक पेरलं आहे. हेल्का फोनवर विचारत होत्या, सात म्हणजे नेमकं काय? बायबलमधले सृष्टीचे सात दिवस का?

मी विचार करून सांगतो म्हणालो.

११ जुलै

आज रविवार. इल्पोकडे कॉफीला गेलो. चालत. तो अंगणात शिकाऊ गाडीची चाकं धूत होता, स्टुलावर बसून. त्याच्याकडे जाताना मनात बोलायचं बरंच काही होतं, पण पोचल्यावर मी फक्त एवढंच विचारलं, "तुला ती गोष्ट आवडली नव्हती का?"

"अर्धी आवडली."

"कुठली अर्धी?"

"पहिली. तेवढीच वाचलीय."

मला वाटलं, ही त्याची नेहमीची थट्टा. तीस वर्षं हा माणूस त्या गोष्टीवर विनोद करतोय, पोरांना अर्थ सांगतोय! तसं बोलूनही दाखवलं.

"सगळं लोकांकडून ऐकलेलं," तो म्हणाला. "पुस्तक आलं तेव्हा मी वाचायला घेतलं होतं. आणि आईचा फोन आला. तिचं वाचून झालं होतं. म्हणाली, 'इल्पो, तू आहेस ना रे?' मी म्हटलं, आहे की. तिने फोन ठेवून दिला. तेव्हा मला कळलं, पुढे काय असणार ते."

"मग?"

"तू 'आत्ता येतो' म्हणून निघतोस, तिथवर मी आलो होतो. तिथेच पुस्तक मिटलं."

"पण का?"

त्याने फडकं पिळलं. "तिथं तू अजून परत यायचा होतास, दादा."

अर्ध्यावर सोडणं हा लेखकावर अन्याय आहे, असं काहीतरी मी बोललो. तो 'असेल' म्हणाला. आत जाऊन कॉफी केली. वेलदोड्याचा पाव होता. मी खिडकीपाशी बसलो. आई गेल्याला आता किती वर्षं झाली. तिने मला कधीच फोन केला नव्हता त्या गोष्टीबद्दल. मी समजत होतो, तिला अभिमान वाटला असणार.

शेवटी मी म्हणालो, "मी शेवट बदलतो. पाठ्यपुस्तकवाल्यांना कळवतो. नवीन शेवट लिहून आधी तुला दाखवतो."

"काही नको," इल्पो घाईघाईने म्हणाला आणि माझ्यासमोरचा पेन उचलून त्याने खिशात टाकला. "तू लिहायला बसलास की मी मरतो. पाव खा."